एनएफएल ड्राफ्टमधून डिफेन्स कसा उभा राहतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल आणि ड्राफ्ट म्हणजे एनएफएलचा: तिथल्या व्यावसायिक लीगचे संघ कॉलेजमधले खेळाडू पाळीपाळीने निवडतात तो. उदाहरणं बहुतेक फिलाडेल्फिया ईगल्सची आहेत, कारण अलीकडच्या काळात ड्राफ्टवर रचलेला डिफेन्स पाहायचा तर ते प्रकरण सर्वांत स्वच्छ दिसतं.

ड्राफ्ट म्हणजे आयपीएलसारखा लिलावच ना?

नाही. लिलावात पैसा बोलतो, ड्राफ्टमध्ये पाळी. 32 संघ, सात फेऱ्या. आदल्या मोसमात ज्याची कामगिरी सर्वांत वाईट, त्याचा क्रमांक पहिला. सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, जिंकणारा संघ 32वा. प्लेऑफला न पोचलेल्या 18 संघांचा क्रम त्यांच्या हार-जितीवरून ठरतो आणि प्लेऑफमधले 14 संघ ज्या टप्प्यावर बाहेर पडले त्यानुसार त्यांच्या मागे लागतात. तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी भरपाईच्या काही जादा निवडी मिळतात. 2024 आणि 2025 या दोन्ही वर्षी एकूण 257 निवडी झाल्या.

खेळाडूला संघ निवडता येत नाही, आणि त्याचा करार किती रकमेचा हे तो कितव्या क्रमांकावर गेला यावरून जवळजवळ ठरलेलंच असतं. करार चार वर्षांचा. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला पाचव्या वर्षासाठी धरून ठेवण्याचा हक्क संघाकडे राहतो. हायस्कूल सोडून तीन वर्षं झाल्याशिवाय कोणी ड्राफ्टमध्ये येऊ शकत नाही.

भारतातून बघणाऱ्यांसाठी: पहिली फेरी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, तिथल्या गुरुवारी रात्री आठला सुरू होते. आपल्याकडे तेव्हा शुक्रवारची पहाट, साडेपाच.

डिफेन्सच्या जागा थोडक्यात सांगाल का?

अकरा जण, तीन थर. पुढे लाइन: मध्यभागी वजनदार टॅकल आणि कडेला एज, म्हणजे क्वार्टरबॅकवर (समोरच्या संघाच्या पास फेकणाऱ्यावर) धावून जाणारे. मधे लाइनबॅकर. मागे कॉर्नरबॅक आणि सेफ्टी. कबड्डी बघणाऱ्याला कॉर्नर आणि कव्हर हे शब्द ओळखीचे वाटतील, पण फसू नका. कबड्डीतला कॉर्नर रेडरचा पाय धरायला टपलेला असतो, इथला कॉर्नरबॅक रिसीव्हरला (पास पकडणाऱ्याला) सावलीसारखा चिकटून धावतो, तोही बऱ्याचदा उलट्या पावलांनी.

कागदावर चार मागचे खेळाडू दाखवतात. प्रत्यक्षात आता निम्म्याहून जास्त वेळ पाच असतात, कारण समोरचा संघ तीन रिसीव्हर घेऊन उतरतो. या पाचव्याला निकेल म्हणतात. पुढच्या उत्तरांत तो पुन्हा पुन्हा येईल.

सगळ्यात आधी कुठली जागा भरावी?

पुढून मागे. आमचं मत स्पष्ट आहे: लाइन कच्ची ठेवून कॉर्नरबॅकवर पहिली निवड घालवणं म्हणजे पाया न भरता गच्ची बांधणं. क्वार्टरबॅक साधारण पावणेतीन सेकंदांत चेंडू सोडतो. त्याला साडेतीन-चार सेकंद मिळाले तर जगातला कुठलाही कॉर्नर रिसीव्हरला धरून ठेवू शकत नाही. उलट दोन सेकंदांत त्याच्या तोंडावर कोणी आलं, तर सामान्य कॉर्नरही चांगला दिसतो.

पण "पुढून मागे" याचा अर्थ प्रत्येक वेळी एजच घ्यायचा असा नाही. कुठली जागा कुठल्या फेरीत मिळते, हेही बघावं लागतं. खरा एज रशर बहुधा पहिल्या दहा-पंधरातच संपतो, कारण तशी लांबी, वेग आणि ताकद एका अंगात असलेली माणसं फार थोडी. मैदानाच्या मधोमध दबाव आणणारा टॅकल त्याहून दुर्मीळ. ॲरन डोनल्ड 2014 मध्ये 13व्या क्रमांकावर गेला, कारण तो टॅकलच्या मानाने लहान वाटला. पुढे तीनदा तो वर्षातला सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू ठरला. रन, म्हणजे चेंडू हातात घेऊन केलेली धाव, अडवणारा नोज टॅकल (लाइनच्या अगदी मधोमध उभा राहणारा), सेफ्टी आणि लाइनबॅकर मात्र दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत, कधी त्याही खाली, सापडतात.

ईगल्सनी नेमकं काय केलं?

तीन ड्राफ्ट, 2022 ते 2024.

2022: 13व्या क्रमांकावर जॉर्डन डेव्हिस, 6 फूट 6 इंच, 341 पौंड, म्हणजे सुमारे 155 किलो. एवढा माणूस 40 यार्ड 4.78 सेकंदांत धावला. तिसऱ्या फेरीत, 83व्या क्रमांकावर, लाइनबॅकर नकोबी डीन. 2023: नवव्या क्रमांकावर टॅकल जेलन कार्टर आणि तिसाव्या क्रमांकावर एज नोलन स्मिथ. चौघेही जॉर्जिया विद्यापीठाचे. 2024: 22व्या क्रमांकावर कॉर्नरबॅक क्विन्यन मिचेल, दुसऱ्या फेरीत 40व्या क्रमांकावर कूपर डीजीन.

क्रम बघा. दोन वर्षं जवळजवळ सगळी किंमत लाइनवर आणि लाइनबॅकरवर, मग तिसऱ्या वर्षी मागची फळी. 2023 चा निकाल भीषण होता: 17 सामन्यांत 428 गुण दिले, 32 संघांत 30वे. 2024 मध्ये 303 गुण, दुसऱ्या क्रमांकावर. आणि 9 फेब्रुवारी 2025 ला न्यू ऑर्लीन्समध्ये सुपर बोल 40-22 असा जिंकला.

म्हणजे 428 वरून 303 हे ड्राफ्टचं श्रेय?

पूर्ण नाही, आणि हे लपवणारं कुठलंही विश्लेषण अर्धवट समजा. 2024 ला डिफेन्सचा प्रशिक्षक बदलला, विक फँजिओ आले. झॅक बॉन नावाचा खेळाडू न्यू ऑर्लीन्सहून एका वर्षाच्या स्वस्त करारावर आला; तिथे तो कडेला वापरला जायचा, फँजिओंनी त्याला मधला लाइनबॅकर केलं आणि तो ऑल-प्रो (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या संघात) झाला. सेफ्टी रीड ब्लँकनशिप तर 2022 च्या ड्राफ्टमध्ये कोणीच निवडला नव्हता.

पण ड्राफ्टने काय साधलं, ते फँजिओंच्या पद्धतीतून कळतं. ते दोन्ही सेफ्टी बारा-चौदा यार्ड मागे उभे करतात, म्हणजे लांब पास बंद. त्याची किंमत पुढे मोजावी लागते: रन अडवायला एक माणूस कमी पडतो. तेव्हा लाइनमधल्या एकेकाला दोघा ब्लॉकरांचा (समोरच्या संघाच्या वाट अडवणाऱ्यांचा) भार पेलावा लागतो. डेव्हिस आणि कार्टर त्यासाठी. लहान पास पुढे पडू द्यायचा आणि पकडणाऱ्याला जागीच पाडायचं, हे या पद्धतीचं दुसरं अंग. त्याला समोरच्याला पाडायला चुकत नाही असा निकेल लागतो. डीजीन त्यासाठी. पोटरीचं हाड मोडल्यामुळे तो कॉलेजचा शेवट आणि कंबाइनच्या (ड्राफ्टआधीच्या शारीरिक) चाचण्या दोन्हीला मुकला होता, मोसमाच्या सुरुवातीलाही बाकावरच होता. पाचव्या आठवड्यातल्या सुट्टीनंतर त्याला निकेलची जागा मिळाली आणि तिथून डिफेन्सचा चेहराच बदलला. बाल्टिमोरच्या सामन्यात त्याने डेरिक हेन्रीसारख्या आडदांड रनिंग बॅकला (चेंडू घेऊन धावणाऱ्याला) समोरासमोर उचलून आपटलं, ती काही सेकंदांची फीत बघा. निकेलला काय यायला हवं ते कळेल.

अंतिम सामन्यात ईगल्सनी एकदाही ब्लिट्झ केला नाही, म्हणजे चौघांपलीकडे जादा माणूस धाडला नाही, तरी समोरचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला सहा वेळा सॅक केलं, म्हणजे पास सोडण्याआधीच पाडलं. चौघांनी दबाव आणला की मागे सात जण मोकळे राहतात. डीजीनने पास अडवून 38 यार्ड धावत टचडाउन केला, तो त्याच्या बाविसाव्या वाढदिवशी. सहापैकी साडेचार सॅक जॉश स्वेट आणि मिल्टन विल्यम्स यांचे: एक 2018 च्या चौथ्या फेरीतला, दुसरा 2021 च्या तिसऱ्या फेरीतला. म्हणजे जुन्या ड्राफ्टची कमाई नव्या ड्राफ्टच्या आधाराने दिसली.

आपल्या संघाची गरज कशी ओळखायची?

नावांवरून नको, स्नॅपवरून. स्नॅप म्हणजे चेंडू खेळात आला असा एक डाव. डिफेन्स एका सामन्यात साधारण 60 ते 65 स्नॅप खेळतो. 17 सामन्यांचे सुमारे 1,020 ते 1,100. एक कागद घ्या आणि असं करा:

1. गेल्या मोसमात डिफेन्समध्ये 300 हून जास्त स्नॅप खेळलेल्या प्रत्येकाचं नाव आणि त्याचा आकडा लिहा. साधारण 16 ते 20 नावं निघतात.
2. ज्यांचा करार मार्चमध्ये संपतो त्यांच्यावर काट. तिशी ओलांडलेल्यांवर आणि मोठ्या दुखापतीतून येणाऱ्यांवर अर्धी काट.
3. उरलेल्या रिकाम्या स्नॅपची बेरीज जागेनुसार करा. कॉर्नर आणि सेफ्टी जवळजवळ प्रत्येक स्नॅप खेळतात, निकेल दोन-तृतीयांशाच्या पुढेमागे, एज साधारण 60 ते 75 टक्के, नोज टॅकल निम्मे किंवा कमी.
4. मार्च-एप्रिलमध्ये विकत घेतलेल्या खेळाडूंचे स्नॅप त्यातून वजा करा.

जे उरलं ती खरी गरज. बहुतेक वेळा इथेच लोकांचा गोंधळ उघडा पडतो. संघाला "रन अडवता येत नाही" म्हणून पहिल्या फेरीत नोज टॅकलची मागणी होते, आणि तो 400 स्नॅप खेळणार असतो. तिसरा कॉर्नर 700 खेळणार असतो, पण त्याला कोणी विचारत नाही.

कंबाइनच्या आकड्यांवर किती विश्वास ठेवावा?

इंडियानापोलिसमध्ये फेब्रुवारीच्या शेवटी कंबाइन भरतो. 40 यार्डांची धाव म्हणजे 36.6 मीटर. बेंच प्रेसला 225 पौंड, म्हणजे 102 किलो, जितक्या वेळा उचलता येईल तितक्या वेळा. टीव्हीवर 40 यार्डांचा गाजावाजा होतो, पण एजसाठी त्यातले पहिले दहा यार्ड महत्त्वाचे, कारण क्वार्टरबॅक तेवढ्याच अंतरावर असतो. 1.6 सेकंदांच्या आसपास किंवा कमी असेल तर चांगलं. वळण घेण्याची चपळाई थ्री-कोनमध्ये (तीन शंकूंभोवती धावण्याच्या चाचणीत) दिसते. वजनदार एज सात सेकंदांच्या जवळ आला तर कान टवकारा. कॉर्नरमध्ये हातांची लांबी बघतात. सिअॅटल सीहॉक्स 32 इंचांचा, म्हणजे सुमारे 81 सेंटिमीटरचा, आग्रह धरायचे, कारण त्यांचे कॉर्नर रिसीव्हरला डाव सुरू होतो त्या रेषेवरच हाताने अडवायचे.

बेंच प्रेसचं काय होतं, त्याचं उदाहरण व्हर्नन गोल्स्टन. 2008 मध्ये 37 वेळा वजन उचललं, न्यूयॉर्क जेट्सनी त्याला सहाव्या क्रमांकावर घेतलं, तीन मोसमांत एकही सॅक नाही. कॉलेजात तो हात जमिनीला टेकवून कडेने धावायचा. जेट्सच्या पद्धतीत त्याला उभं राहून लाइनबॅकरसारखं खेळावं लागलं. ताकद खरी होती, काम वेगळं मिळालं.

कॉलेजात भारी खेळलेला कॉर्नर इथे का गडबडतो?

एक कारण मैदानावरच रंगवलेलं असतं. चेंडू कुठून सुरू करायचा ते दाखवणाऱ्या खुणांच्या दोन रांगा, म्हणजे हॅश, कॉलेजमध्ये एकमेकींपासून 40 फुटांवर असतात. एनएफएलमध्ये 18 फूट 6 इंचांवर. कॉलेजमध्ये चेंडू कडेच्या हॅशवर असला की एका बाजूला अरुंद पट्टी उरते. त्या बाजूच्या कॉर्नरला सीमारेषाच मदतनीस. एनएफएलमध्ये चेंडू कायम मैदानाच्या मध्याजवळ असतो, दोन्ही बाजूंना मोकळं रान. म्हणून कॉर्नरच्या फिती बघताना तो अरुंद बाजूला किती खेळला आणि रुंद बाजूला किती, हे वेगळं मोजावं.

दुसरं, समोर कोण होतं. मिचेल टोलिडोचा, म्हणजे मोठ्या कॉन्फरन्सबाहेरचा (बड्या विद्यापीठांच्या गटांबाहेरचा), आणि तिथे बहुधा रिसीव्हरपासून अंतर राखून खेळायचा. शंका रास्त होती. तिचं उत्तर मोबील, अलाबामा इथल्या सीनियर बोलच्या (ड्राफ्टमध्ये येणाऱ्या कॉलेज खेळाडूंच्या सामन्याच्या) सराव आठवड्यात मिळालं. तिथे मोठ्या विद्यापीठांच्या रिसीव्हरांशी एकास एक जुंपतात. मग 40 यार्ड 4.33 सेकंदांत.

आणि हो, इंटरसेप्शनवरून (मधेच पकडलेल्या पासवरून) कॉर्नर मोजू नका. मिचेलने पहिल्या नियमित मोसमात एकही घेतला नाही. पहिला थेट प्लेऑफमध्ये. पास अडवणं, रिसीव्हरला मोकळं न सोडणं, हीही कॉर्नरची कामगिरीच.

वर सरकण्यासाठी निवडी द्याव्यात का?

हिशोब करून. संघ आपल्या निवडी एकमेकांना देऊन क्रमांक बदलू शकतात. 1990 च्या दशकात डॅलसचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्यामुळे रूढ झालेला, निवडींची किंमत दाखवणारा तक्ता आजही चर्चेत वापरतात: पहिल्या क्रमांकाला 3,000 गुण, दहाव्याला 1,300, सोळाव्याला 1,000, बत्तिसाव्याला 590. डेव्हिससाठी ईगल्स 15 वरून 13 वर गेले आणि ह्यूस्टनला 124, 162, 166 या तीन निवडी जादा दिल्या. तक्त्यात 13 चे 1,150 आणि 15 चे 1,050, फरक 100. त्या तीन निवडींची बेरीजही जवळपास तेवढीच. व्यवहार चोख.

मोठी उडी वेगळी. 2023 मध्ये ह्यूस्टनने एज विल अँडरसनसाठी 12 वरून तिसऱ्या क्रमांकावर जाताना 33वी निवड, शिवाय 2024 ची पहिली आणि तिसरी फेरी दिली. अॅरिझोनाकडून 105वी परत मिळाली. अँडरसन त्या वर्षीचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह नवोदित ठरला, म्हणून ओरड झाली नाही. अशी किंमत एज किंवा क्वार्टरबॅकसाठीच शोभते. सेफ्टीसाठी नाही.

कधी मात्र थांबण्यातच फायदा असतो. 2024 मध्ये पहिल्या 14 निवडी सलग आक्रमणाच्या झाल्या, त्यांत सहा क्वार्टरबॅक. डिफेन्सचा पहिला खेळाडू 15 व्या क्रमांकावर गेला. म्हणून त्या वर्षीचा पहिला कॉर्नर ईगल्सना 22 वर जागच्या जागी मिळाला. 2022 मध्ये याच्या उलट: पहिले पाचही डिफेन्सचे.

शेवटच्या फेऱ्यांतून खरंच काही हाती लागतं का?

लागतं, काय हवं ते नेमकं ठाऊक असेल तर. सिअॅटलची 2010 ते 2012 ची यादी बघा: अर्ल थॉमस 14वा, पण कॅम चान्सलर 133वा, के. जे. राइट 99वा, रिचर्ड शर्मन 154वा, बायरन मॅक्सवेल 173वा, माल्कम स्मिथ 242वा, बॉबी वॅग्नर 47वा. शर्मन स्टॅनफर्डमध्ये आधी रिसीव्हर होता, नंतर कॉर्नर झाला. उंची 6 फूट 3 इंच. इतरांना तो अवघडलेला वाटला, सिअॅटलला हवी ती चौकट मिळाली. 2012 ते 2015 सलग चार मोसम लीगमध्ये सर्वांत कमी गुण त्यांनी दिले. फेब्रुवारी 2014 च्या सुपर बोलमध्ये डेन्व्हरला 43-8 असं झोडपलं, आणि सर्वोत्तम खेळाडू कोण? 242वा स्मिथ.

पहिल्याच वर्षी फरक दिसतो का?

कधीकधी डोळे दिपवणारा. जेट्सनी 2021 मध्ये 504 गुण दिले, तळाला. 2022 मध्ये चौथ्या क्रमांकावर सॉस गार्डनर आला आणि 316 वर, चौथ्या स्थानी. पण त्याच उन्हाळ्यात डी. जे. रीड आणि जॉर्डन व्हाइटहेड विकत घेतले होते, आणि 2019 चा तिसऱ्या क्रमांकाचा क्विनन विल्यम्स 12 सॅकपर्यंत पोचला. कॉर्नर पहिल्या वर्षी चमकू शकतो. टॅकल आणि एज यांना हातांचे डावपेच शिकायला बहुधा दुसरं वर्ष लागतं, म्हणून पहिल्या नोव्हेंबरमध्ये त्यांना "फुकट गेला" ठरवू नका.

चांगला निघाला की तो टिकवता येतो का?

इथेच खरी कसरत. 2025 ची पगारमर्यादा प्रत्येक संघाला 27.92 कोटी डॉलर. त्याच वर्षी क्लीव्हलंडने माइल्स गॅरेटला वर्षाला सरासरी चार कोटींचा करार दिला. मायका पार्सन्सशी डॅलसचं जमलं नाही. ऑगस्टमध्ये तो दोन पहिल्या फेऱ्या आणि केनी क्लार्कच्या बदल्यात ग्रीन बेला गेला आणि वर्षाला 4.7 कोटी घेऊ लागला. ईगल्सनी सुपर बोलनंतर महिन्याभरात स्वेट आणि विल्यम्स दोघांनाही जाऊ दिलं. विल्यम्सला न्यू इंग्लंडने चार वर्षांचे 10.4 कोटी दिले.

सोडून दिलेला खेळाडू महागात विकला गेला आणि बदल्यात तितके बाहेरचे घेतले नाहीत, तर पुढच्या ड्राफ्टमध्ये भरपाईची निवड मिळते: जास्तीत जास्त तिसऱ्या फेरीच्या शेवटी, एका संघाला कमाल चार. म्हणून शहाणा संघ लाइनमध्ये गरज पडण्याच्या एक-दोन वर्षं आधीच माणूस घेतो. स्वेट गेला तेव्हा स्मिथ दोन मोसम शिकून तयार होता.

ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी मिळणाऱ्या श्रेणींचं काय करायचं?

वाचा आणि विसरा. संघाने श्रेणी देणाऱ्या पत्रकाराच्या यादीला धरून निवड केली का, एवढंच त्या श्रेणी सांगतात. त्यापेक्षा वर सांगितलेला स्नॅपचा कागद जपून ठेवा. ऑक्टोबरमध्ये पाचव्या-सहाव्या सामन्यानंतर काढा आणि नव्या मुलांच्या नावापुढे त्यांचे स्नॅप लिहा. तिसऱ्या डाउनला (प्रयत्नाला), म्हणजे पास येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं तेव्हा, प्रशिक्षक कोणाला मैदानावर ठेवतोय ते वेगळ्या रकान्यात टिपा.